घरच्यासाठी राखलेला वाफा

बेळगावच्या बाजार समितीच्या आवारातून रोज गाड्या भरून भाजी चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरते. कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, गाजर, बटाटा, कोथिंबीर. पणजी-मडगावच्या घरांत जे शिजते त्यातला मोठा वाटा कडोली, काकती, हिंडलगा, उचगाव, बेकिनकेरे आणि त्यांच्या आसपासच्या शिवारांनी पिकवलेला असतो. पश्चिमेकडच्या लाल मातीत रताळी, येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या काळ्या शिवारात भात आणि भातामागून मसूर, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे बारा महिने माळवे. अशा मुलखात राहूनही घरातले बाळ सहा महिन्यांचे व्हायला आले की तरुण आई मोबाइलवर सेंद्रिय गाजराची पूड आणि भोपळ्याचा पाकीटबंद लगदा यांच्या किमती पाहू लागते. माझ्या मुलीनेही त्या पाहिल्या. ती बाळंतपणाला माहेरी वडगावला आली होती, नातीच्या उष्टावणाचा दिवस जवळ येत होता, आणि एका संध्याकाळी तिने मला विचारले, "आई, सेंद्रिय भाजीत खरंच जास्त पोषण असतं का गं, की नुसतं नावच?"

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे. "असं म्हणतात बाई" एवढेच उत्तर मुलीला द्यावे हे मला पटले नाही. म्हणून मी वाचत गेले, बाजारात माळवे घेऊन बसणाऱ्या बायकांशी बोलत गेले, आणि जे उमगले ते इथे मांडते आहे. सेंद्रिय भाजीचा बाळाला होणारा लाभ खरा आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र जाहिराती तो जिथे दाखवतात तिथे तो नाही. जीवनसत्त्वांच्या हिशेबात तो फार थोडा आहे. भाजीबरोबर बाळाच्या पोटात जे जात नाही, त्यात तो मोठा आहे.

पण भाजी कशी पिकवली हे पाहण्याआधी बाळाला मुळात काय लागते, हे पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाण्याचा थेंबही नको. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही चालू ठेवावे. सहा महिन्यांची ही सीमा उगाच आखलेली नाही. दिवस पूर्ण भरून जन्मलेले बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते आणि तो साधारण सहाव्या महिन्यापर्यंत सरत येतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. त्याच्या जठरात एका वेळी मावते वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाला एका बैठकीला जेमतेम एक वाटी.

एवढ्याशा जागेत काय भरायचे, हाच बाळाच्या आहाराचा सगळा प्रश्न आहे. आपल्याकडे डाळीचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज आणि भाजीचे कढण बाळाला पाजण्याची जुनी रीत आहे आणि त्यामागे बाळाला पचावे ही माया आहे, पण त्या पाण्याने पोट भरते आणि बळ मात्र मिळत नाही. चमच्यावरून ओघळून जाणार नाही इतके दाट अन्न बाळाला हवे. केवळ भाजीही त्याला पुरत नाही. तांबड्या भोपळ्याच्या शंभर ग्रॅम गरात पंचवीस-तीस कॅलरी असतात आणि गाजरात चाळीसच्या आत-बाहेर. त्यामुळे सेंद्रिय भाजीच्या नुसत्या लगद्यावर वाढवलेले बाळ उपाशीच राहील, मग ती भाजी कितीही शुद्ध असो. भाजीने भाताला, डाळीला, नाचणीला साथ द्यायची असते. उष्टावणानंतर नातीच्या वाटीत मऊ भात किंवा नाचणीची खीर, त्यात घोटलेली मूगडाळ किंवा मसूर, त्यात एखादी भाजी आणि वरून चमचाभर तूप अशी रीत आम्ही ठरवली, ती याच हिशेबाने.

नाचणीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण आमच्या आज्ज्यांनी या बाबतीत करून ठेवलेली सोय फार शहाणपणाची आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोड येताना दाण्यात पिष्टमय पदार्थ तोडणारे विकर (एन्झाइम) तयार होतात. त्या पिठाची खीर शिजताना पिष्ट तुटते आणि खीर गोळा न होता मऊ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत अधिक पीठ घालता येते आणि बाळाला तेवढ्याच घासांत अधिक ऊर्जा मिळते. शिवाय धान्यातले, लोहाला बांधून ठेवणारे फायटेट मोड आल्याने कमी होते आणि लोह अंगी लागायला मदत होते. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे तर पुष्कळांना माहीत आहे. भाजी सेंद्रिय आहे की नाही याची काळजी करणाऱ्या घराने आधी या पिठाची काळजी केली, तर बाळाचे अधिक भले होईल असे मला मनापासून वाटते.

मग भाजी कशासाठी? गाजर आणि तांबडा भोपळा यांतल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. हिरव्या पाल्यात फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व असते. टोमॅटो, कोबी, कोथिंबीर यांत क जीवनसत्त्व असते आणि ते धान्य-डाळींतले लोह शोषून घ्यायला हातभार लावते. आमच्या भागातल्या रताळ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाहेरून लाल आणि आतून पांढरे असलेले रताळे बाळाला ऊर्जा छान देते, पण अ जीवनसत्त्वासाठी त्याचा उपयोग नगण्य; ते काम नारिंगी गराचे रताळे करते. बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाही, म्हणून भाजीत तूप घालण्याची आपली पद्धत चवीच्या पलीकडेही उपयोगाची आहे. पालकात लोह आहे खरे, परंतु त्यातला फार थोडा भाग बाळाच्या रक्तापर्यंत पोहोचतो. लोहासाठी पालकावर विसंबू नये. डाळी, लिंबाचे दोन थेंब, आणि ज्या घरात चालते तिथे अंडे, मासे, मांस हवे. ब-१२ तर कुठल्याच भाजीत नसते, सेंद्रिय असो वा नसो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. सेंद्रिय भाजीत पोषण अधिक असते का, यावर गेल्या काही दशकांत पुष्कळ मोजमाप झाले आहे. २००९ मध्ये लंडनमधल्या एका गटाने मागच्या पन्नास वर्षांतले संशोधन चाळले आणि पोषकद्रव्यांच्या बाबतीत सांगण्याजोगा फरक नाही असा निष्कर्ष काढला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीही सेंद्रिय अन्न अधिक पोषक असल्याचा भक्कम पुरावा नाही असेच म्हटले, मात्र सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश आढळण्याची शक्यता कमी असते हेही नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जवळपास हीच भूमिका घेतली. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचे एकत्र विश्लेषण झाले आणि त्यात चित्र थोडे पालटले: सेंद्रिय पिकांत पॉलिफेनॉलसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक, कॅडमियम हा जड धातू सरासरी ४८ टक्क्यांनी कमी, नायट्रेटही कमी, आणि कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय पिकांच्या तुलनेत साध्या पिकांत चौपट अधिक वेळा सापडलेले.

हे निष्कर्ष एकमेकांना खोडतात असे वरवर वाटते, पण नीट पाहिले तर तसे नाही. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांवर वाण, माती, पाऊस, काढणीची वेळ आणि काढणीनंतर गेलेले दिवस यांचा इतका प्रभाव असतो की शेती सेंद्रिय की रासायनिक हा फरक त्या गर्दीत हरवून जातो. पॉलिफेनॉलचे कारण वेगळे आहे. ही द्रव्ये झाड मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी तयार करते. कीड-रोगाचा त्रास त्याला स्वतः सोसावा लागला आणि युरियाची खैरात झाली नाही, तर ती अधिक बनतात. युरिया भरमसाट टाकला की पाला झपाट्याने वाढतो, पण त्यात नायट्रेट साठते. कॅडमियम येते ते बहुतेक फॉस्फेटच्या खतातून, कारण ज्या खडकापासून ते खत बनते त्यातच हा धातू असतो. शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि दशकानुदशके राहते. अँटिऑक्सिडंट अधिक म्हणून बाळ अधिक सुदृढ होईल असे कुणीही अजून सिद्ध केलेले नाही, आणि पाकिटावर तसे छापणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. कॅडमियम कमी असणे मात्र माझ्या दृष्टीने बाळाच्या बाबतीत खरोखर महत्त्वाचे आहे.

कीटकनाशकांचा प्रश्न याहून मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९३ मध्ये बाळांच्या आणि मुलांच्या आहारातील कीटकनाशकांवर एक सविस्तर अहवाल दिला, आणि त्यानंतर तिथे १९९६ मध्ये कायदा बदलून मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा दहापट अधिक कडक धरण्याची तरतूद झाली. त्यामागचे कारण कुठल्याही आईला पटेल असे आहे. वजनाच्या हिशेबाने बाळ आपल्यापेक्षा किती तरी अधिक खाते-पिते. त्याच्या आहारात चार-पाचच पदार्थ असतात, त्यामुळे त्यातल्या एकात अंश असला तर तो रोज पोटात जातो. त्याचा मेंदू झपाट्याने वाढत असतो. आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे निकामी करणारे जे विकर मोठ्यांच्या रक्तात पुरेसे असते, ते नवजात बाळात फार कमी असते. युरोपीय संघाने बाळाच्या तयार अन्नासाठी कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे जवळजवळ शून्य.

२००६ मध्ये सिॲटल शहरातल्या २३ शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मला फार बोलका वाटतो. मुलांचा नेहमीचा आहार पाच दिवसांसाठी सेंद्रिय केला, तर त्यांच्या लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अवशेष लगेच सापडेनासे झाले, आणि नेहमीचे अन्न सुरू होताच ते पुन्हा दिसू लागले. याचा अर्थ मुलांची प्रकृती पाच दिवसांत सुधारली असा नाही. ताटातले विष शरीरात जाते आणि ताट बदलले की त्याचे येणे थांबते, एवढे मात्र त्यातून स्वच्छ दिसते. कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या कुटुंबांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात, गरोदरपणी ज्या आयांच्या शरीरात ऑर्गॅनोफॉस्फेटचे अवशेष अधिक होते त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सरासरीने कमी आढळला. तो निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतात राबणाऱ्या त्या बायकांचा विषाशी येणारा संबंध शहरी बाईपेक्षा अधिक असणार हे खरे आहे. परंतु आमच्या सीमाभागात फ्लॉवरच्या रानात वाकून काम करणारी, पाठीवर पंप घेतलेल्या नवऱ्याच्या मागोमाग चालणारी गरोदर बाई काही दुर्मीळ नाही, आणि मला या अभ्यासात तीच दिसत राहते. बाळाची वाटी शुद्ध करण्याचे काम त्याच्या जन्माआधीच सुरू व्हायला हवे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एके सकाळी नेहमीच्या बाईकडे गेले. ती कडोलीच्या बाजूची, बुट्टीत घरचे माळवे घेऊन येते, आणि माझी तिची जुनी ओळख आहे. तिच्यापुढे फ्लॉवरचे पांढरेशुभ्र गड्डे मांडलेले होते. नातीसाठी हवा म्हणून मी एक उचलला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बाळाला द्यायचं असंल तर ह्यो न्हेऊ नका अक्का. परवाच औषध मारलंया. घरच्यासाठी येगळा वाफा हाय आमचा, त्यातलं उद्या आणून देतो."

"घरचा वेगळा?" मी विचारले.

"हाय की. पोरंबाळं खात्यात. त्यात काय बी मारत न्हाई. किडकं-बिडकं निघतंय, पर चालतंय आमास्नी."

त्या बाईने मला फसवले नाही, उलट सावध केले, म्हणून मला तिचा आदर वाटतो. घरच्यासाठी राखलेला वाफा आमच्याकडे ठिकठिकाणी आहे, आणि तो ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग पडतो, त्याच्या अळ्या आठवडाभरात पानांची चाळण करतात, आणि भोक पडलेला गड्डा व्यापारी बाजूला काढतो. गिऱ्हाइकाला डाग नको, व्यापाऱ्याला तोटा नको, शेतकऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज. मग फवारणी आणि काढणी यांत जितके दिवस जाऊ द्यायचे असतात तितके जाऊ दिले जात नाहीत, कारण भाव आज आहे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाज्यांवर वापरायला आपल्या देशात केव्हाच बंदी झाली, एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पण दुकानात विचारायला गेलेल्या शेतकऱ्याला कोणते औषध, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी, हे नीट समजावून सांगणारा माणूस भेटतोच असे नाही. ज्या बाईला आपल्या मुलांसाठी कोणता वाफा हवा हे ठाऊक आहे, तिला विषाचे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? तिच्याकडे डागाळलेली भाजी घेणारे गिऱ्हाईक नाही, एवढेच.

म्हणून शिक्क्यापेक्षा ओळखीचा वाफा मला अधिक भरवशाचा वाटू लागला. शिक्का निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे, शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेती तपासून हमी देण्याची सहभागी पद्धतही आहे, आणि सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ मध्ये झाल्यापासून पाकिटावर 'जैविक भारत' हे चिन्ह दिसते. कर्नाटकाने तर २००४ मध्येच सेंद्रिय शेतीचे धोरण आणले, आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीची स्वतंत्र संस्था आहे. बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पचे कृषी विज्ञान केंद्रही आपल्याच जिल्ह्यात आहे. पण रासायनिक शेतीखालची जमीन सेंद्रिय म्हणून मान्य व्हायला हंगामी पिकांच्या बाबतीत साधारण दोन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. त्या काळात उत्पन्न घटते आणि माल मात्र साध्याच भावाने जातो. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात, शेजारच्या बांधावरून फवारा उडून येत असताना, आमच्या शेतकऱ्याने तो कागद कसा मिळवायचा?

आणि शिक्का असला तरी तो सगळ्यापासून राखत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने बाळाच्या तयार अन्नात आर्सेनिक, शिसे, कॅडमियम आणि पारा सापडल्याचा अहवाल दिला, आणि त्यात सेंद्रिय म्हणून विकली जाणारी उत्पादनेही होती. कारण हे धातू माती-पाण्यातून येतात, आणि भात, गाजर, रताळे यांसारखी पिके ते ओढून घेतात. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेली मेथी, तिला युरियाचा दाणा लागलेला नसला तरी, बाळाच्या उपयोगाची नाही. कच्चे शेण टाकलेल्या वाफ्यातला पाला जंतू घेऊन घरात येतो. शेणखत पुरते कुजलेले असायला हवे आणि बाळासाठीची भाजी धुऊन, पूर्ण शिजवूनच द्यायला हवी. त्यामुळे माळवे विकणाऱ्या बाईला मी आता औषधाबरोबर पाण्याविषयीही विचारते: विहिरीचे की नाल्याचे? ती न रागावता सांगते.

जवळच्या वाफ्याचा आणखी एक लाभ आहे, आणि पोषणाच्या दृष्टीने तो कदाचित सर्वांत मोठा आहे. पालेभाजीतले क जीवनसत्त्व आणि फोलेट काढणीनंतर उन्हात, उकाड्यात भराभर घटत जातात. सकाळी खुडलेली मेथी दुपारी शिजली, तर ती दोन दिवस प्रवास करून, पाणी मारून ताजी ठेवलेल्या प्रमाणपत्रवाल्या मेथीपेक्षा बाळाला अधिक देते, असे म्हणायला मी कचरत नाही. भाजी चिरून मग धुवू नये, धुऊन चिरावी. मोठे तुकडे करून वाफवावी. खाली पाणी उरलेच तर ते त्याच भातात घोटावे, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्यातच उतरलेली असतात. मीठ-साखर बाळ वर्षाचे होईपर्यंत नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून बाळाला बोटुलिझमचा गंभीर आजार होऊ शकतो.

पालक, बीट, गाजर यांच्याबाबत एक खबरदारी सेंद्रिय भाजीलाही लागू आहे. या भाज्या नायट्रेट साठवतात, आणि शिजवून घोटलेला लगदा खोलीच्या उष्णतेत पडून राहिला तर जंतू त्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. ते लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. धोका सर्वांत जास्त असतो तो तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला, ज्याला हे अन्न द्यायचेच नसते, तरीही सहा महिन्यांनंतरसुद्धा अशी भाजी ताजी करून तेव्हाच भरवावी. सकाळची पालकाची वाटी संध्याकाळी गरम करून देऊ नये.

ज्यांना असा वाफा मिळत नाही त्यांनी काय करावे, हे माझ्या मुलीनेच विचारले, कारण तिला पुढे पुण्याला परत जायचे होते. माझे उत्तर स्पष्ट आहे: साधी भाजी द्यावी, आणि रोज द्यावी. अंशांच्या भीतीने बाळाची भाजीच कमी करणे हे त्या अंशांपेक्षा अधिक घातक आहे. तांबडा भोपळा, दुधी, बटाटा, रताळे, गाजर यांची साल काढता येते आणि सालीबरोबर वरचे पुष्कळसे जाते. वाटाण्याला शेंगेचे संरक्षण असते. फ्लॉवर, कोबी आणि पालेभाज्या बाळासाठी मात्र ओळखीच्या माणसाकडून घ्याव्यात, किंवा गच्चीवर कुंडीत मेथी-पालक लावावा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात नुसत्या पाण्यापेक्षा खायच्या सोड्याच्या पाण्यात पंधराएक मिनिटे ठेवल्याने पृष्ठभागावरचे औषध अधिक निघाले, पण सालीच्या आत मुरलेले निघाले नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी औषधे कशानेही धुतली जात नाहीत. म्हणूनच वाफ्याची ओळख हवी.

चवीचे म्हणाल तर नातीने पहिल्यांदा मेथी तोंडातून बाहेर ढकलली. बाळाला नवी चव रुचायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा चाखावी लागते, हे संशोधनातून पक्के झाले आहे, त्यामुळे आम्ही चिंता केली नाही. ही ओळख खरे तर जन्माआधीच सुरू झालेली असते: फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले की ज्या आया गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस पीत होत्या, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचे अन्न अधिक आवडीने स्वीकारले. बाळंतिणीला शेपू-मेथीची भाजी आग्रहाने खाऊ घालणाऱ्या आमच्या घरांत हे सहज घडत आले आहे.

माझी नात भाग्यवान आहे. तिच्यासाठी आईने प्रश्न विचारला, आजीने वाचले, बाजारात चौकशी केली आणि एका ओळखीच्या बाईने आपल्या घरच्या वाफ्यातले दिले. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी केवळ ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. गोव्याला गाड्या भरून भाजी पाठवणाऱ्या आमच्या तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी गावांत आणि निपाणी-चिक्कोडीकडच्या तंबाखू-उसाच्या पट्ट्यातही ती बाळे आहेत. ज्या गावात सगळे रान नगदी पिकाखाली आहे, तिथे घरच्यासाठीचा वाफाही कधीकधी उरत नाही. सेंद्रिय भाजी पाकिटात बंद होऊन महाग झाली की ती नेमक्या याच बाळांपासून सर्वांत लांब जाते, याचे मला फार वाईट वाटते.

केंद्र सरकारच्या पोषण अभियानात अंगणवाडीच्या आवारात पोषण वाटिका, म्हणजे भाजीपाल्याची छोटी बाग, करण्याची सोय आहे. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीमागे थोडे मोकळे परडे आहे, नळ आहे, आणि तिथल्या ताईंची तयारी आहे. गल्लीतल्या आम्ही काही बायकांनी ठरवले आहे की वळीव पडून गेला की ती जागा खणून कुजलेले शेणखत घालायचे, कुंपणाला तांबड्या भोपळ्याचे वेल सोडायचे, कोपऱ्यात शेवग्याची फांदी रोवायची, कारण त्याचा पाला लोह, कॅल्शियम आणि बीटा कॅरोटीनने भरलेला असतो आणि त्याला फवारणी क्वचितच लागते, आणि पाऊस ओसरला की मेथी-पालकाचे वाफे पाडायचे. मेथीचे बी कडोलीची बाई देणार आहे. शेणखत कुणाच्या गोठ्यातून आणायचे, हे तेवढे अजून ठरायचे आहे.